भिंतीपलीकडचं मशीन

प्रिय धाकट्या,

हे पत्र ऑफिसातल्या टेबलाशी बसून लिहितेय. आज पेपरच्या पानावर जाहिराती भरपूर आहेत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला फारसं काम नाही. एरवी असा निवांतपणा मिळाला की मी टेबलावर डोकं टेकून जरा डोळे मिटून घेते. आज तेही जमलं नाही. चार जिने चढून आलेय, कारण लिफ्ट बंद आहे. तू लिफ्टदुरुस्तीचं काम सोडलंस तेव्हापासून बंदच आहे. कंपनीने मध्ये एक नवा माणूस पाठवला होता. त्याने दार उघडलं, आत पाहिलं, मान हलवली आणि दारावर ‘लिफ्ट बंद’ असा कागद चिकटवून निघून गेला. तुमच्या त्या शेवटच्या काळाचं पहिलं चिन्ह, तुला सांगते, माझ्या गुडघ्यांत दिसायला लागलंय. चिडू नकोस. चेष्टा केली नाही तर ती तुझी ताई कसली.

आधीच सांगते, मी तुला अडवायला लिहीत नाहीये. ते करून झालं. मागे माझ्या स्वयंपाकघरात आपण दोघं इतके भांडलो की तुझी लेक, आपली बडबडी, कानांवर हात ठेवून बाल्कनीत जाऊन बसली. येत्या शनिवारी रात्री प्रभू परत येणार आणि जे तयार असतील त्यांना उचलून नेणार, हे तू मला तिथेच सांगितलंस. सांगताना तुझा चेहरा असा उजळला होता की मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. तू नोकरी सोडलीस, लेकीला शाळेत पाठवणं बंद केलंस, आणि शनिवारी संध्याकाळी तुम्ही तिघं तुमच्या मंडळीबरोबर त्या भाड्याच्या हॉलमध्ये जाऊन बसणार आहात. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, तुला जे ऐकायचं नव्हतं ते तू ऐकलं नाहीस. आता पुन्हा वाद घालायला माझ्या अंगात त्राण नाही.

तू त्या दिवशी जाताना दारात म्हणालास, ‘तुझा विश्वासच नाही, ताई.’ ते मला लागलं. मी दर रविवारी उपासनेला जाते, शेवटच्या बाकावर बसते, गुडघे दुखतात म्हणून उभं राहायच्या वेळी बसून राहते आणि गाण्यात सूर लावत नाही, कारण मला सूर नाही. पण जाते. झोपण्याआधी तुम्हा तिघांसाठी प्रार्थना करते. तो येईल असं मलाही वाटतं. कधी येईल ते विचारू नका, असं त्यानेच सांगून ठेवलंय, तेवढं मी ऐकते. माझा अविश्वास आहे तो तुमच्या नकाशेमास्तरांवर. जन्मभर भूगोल शिकवला, निवृत्त झाले, तेव्हा नकाशे तरी घरी ठेवायचे. ते आता हॉलच्या भिंतीवर लावलेत आणि लाल पेन्सिलीने बाण काढतात. इथून सैन्य निघालं, तिथे धरणीकंप झाला, अमुक देशात दुष्काळ पडला, आणि सगळे बाण येऊन ठेपतात ते बरोबर येत्या शनिवारवर. मी एकदा तुझ्या आग्रहाखातर आले होते ना? माणूस वाईट वाटला नाही मला. समोर ऐकणारा वर्ग आहे म्हणून खुललेला म्हातारा वाटला.

पण त्या दिवशी मास्तरांनी एक कात्रण वाचून दाखवलं आणि मला घाम फुटला. एका परक्या देशात नदीचं पाणी रक्तासारखं लाल झालं, ही बातमी. सगळा हॉल ‘प्रभू, ये’ म्हणाला. अरे, ती बातमी माझी होती! म्हणजे, मी लावलेली. माझं काम काय आहे हे तुला कधी नीट कळलेलं नाही, म्हणून सांगते. एखादी जाहिरात ऐनवेळी गळते, पानाचा कोपरा रिकामा राहतो, आणि तो भरायला माझ्याकडे लहानसहान बातम्यांचा ढीग पडलेला असतो. दोन डोक्यांचं वासरू, किनाऱ्याला लागलेले मेलेले मासे, आकाशातून पडलेले पक्षी. जागेत बसेल ती बातमी घ्यायची, आणि जास्त झाली तर खालून कापायची. खालून कापायचं हा आमच्या धंद्याचा नियमच आहे, महत्त्वाचं सगळं वर लिहिलेलं असतं. त्या नदीच्या बातमीची शेवटची ओळ अशी होती की वरच्या बाजूला कापड रंगवायचा कारखाना आहे आणि त्याची टाकी फुटली. ती ओळ बसली नाही. त्या दिवशी गाद्यांच्या दुकानाने जाहिरात मागे घेतली नसती तर ती नदी छापूनच आली नसती, आणि मास्तरांचा एक बाण कमी झाला असता.

मी तुला हे तेव्हाच सांगितलं. तू म्हणालास, जाहिरातवाल्याला ती बुद्धी प्रभूनेच दिली असेल. मी कपाळाला हात लावला.

तुझी मला गंमत वाटते ती वेगळीच. लिफ्टच्या बाबतीत तू असा नव्हतास. मी एकदा तुला विचारलं होतं, वर जाताना खडखड होते, दोर तुटणार का? तू म्हणालास, ‘ताई, नुसत्या आवाजावरून काही सांगता येत नाही. उघडून बघावं लागतं.’ मग तू टपावर चढलास, बराच वेळ खुडबुड केलीस आणि खाली येऊन सांगितलंस की कुणीतरी फेकलेलं बाटलीचं झाकण रुळात अडकलंय. इमारतीतले सगळे आठवडाभर जिन्याने जात होते आणि तू हातात ते झाकण घेऊन उभा होतास. तो माझा भाऊ मला फार आवडायचा. जगाची खडखड तर आपल्या जन्माच्या आधीपासून चालूच आहे. आपण लहान होतो तेव्हा आकाशात शेपटीचा तारा दिसला, कुठे कुठे लढाया चालू होत्या, दुकानात धान्य नव्हतं. तेव्हा लोक म्हणायचे, शास्त्रात सांगितलेलं शेवटच्या काळाचं श्वापद नव्या ओळखपत्रावरच्या आकड्यांत लपलंय. मग ते मालाच्या पाकिटांवरच्या बारकोडच्या काळ्या रेघांत शिरलं, मग बँकेच्या कार्डात, आता म्हणे आपल्या फोनमध्ये आहे. बिचाऱ्याला एका जागी बसू देत नाहीत.

असो. मी वाद घालणार नाही म्हटलं आणि घातलाच. सवय जात नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या त्या ‘हात मोकळे’ करण्याची. ज्या वस्तूवर माणूस पोट भरतो ती त्याने दिवस यायच्या आधी देऊन टाकायची, म्हणजे जाताना हात मोकळे राहतील. तुमच्या मंडळीतल्या न्हाव्याने कात्र्या दिल्या, आणि आता सगळ्या पुरुषांचे केस कानांवर आलेत. बेकरीवाल्या बाईंनी पत्र्याचे साचे दिले. तू तुझी हत्यारांची पिशवी लंबूला दिलीस. तुझा लंबू तुझ्याबरोबर शिकाऊ म्हणून लागला होता, त्यामुळे त्याला दिलीस हे निदान चांगल्या हातात दिलीस. मास्तरांनी नकाशे कुणाला दिले ते मात्र मला कळलं नाही.

आणि एक गोष्ट तुला माहीतच नाही, की मी कशाने घाबरले. सैन्यांनी नाही, नदीने नाही. बडबडीच्या बुटांनी. मागच्या महिन्यात तू तिला नवे बूट घेतलेस आणि ती मला दाखवायला आली. मी अंगठा दाबून पाहिला तर पुढे जरासुद्धा जागा नाही. पायाला अगदी बरोब्बर. वाढत्या वयाच्या पोरीला कुणी असे बूट घेतं का? मी तुला विचारलं तर तू हसून म्हणालास, ‘आता कशाला मोठे?’ मी तेव्हा उठून गॅसवर काहीतरी ढवळल्यासारखं केलं. गॅसवर काहीच नव्हतं.

कारण मला आपले कपडे आठवले. तुझ्या लक्षात आहे का, शाळेत सगळ्या मुलांचे गणवेश वाढत्या अंगाचे असायचे, बाह्या दुमडलेल्या, खाली पट्टी मारलेली? आपले तसे कधीच नव्हते. आईने आपले कपडे नेहमी अंगापुरते शिवले. माझी मनगटं कायम बाहेर. मुली मला ‘बगळा’ म्हणायच्या. तुला वाटायचं, आईला नीटनेटकं आवडतं. तू तर तिच्या हातच्या टाक्यांबद्दल तुमच्या मंडळीत साक्ष दिलीस म्हणे, की माझी आई मशीनशिवाय, एकेक टाका प्रार्थनेसारखा घालायची, आणि मध्येच सुई थांबवून डोळे मिटायची. भांडणाच्या दिवशीही तू तेच म्हणालास, आई असती तर माझ्याबरोबर आली असती. मी गप्प बसले. आपल्या घरात त्या विषयावर गप्प बसायचीच पद्धत होती, आणि आई गेल्यावरही ती पद्धत मी चालू ठेवली. पण आता तू तिलाच असं साक्षीला उभं केलंस, तर जे झालं ते तुला कळायला हवं.

हो, आई आली असती. ती एकदा गेलीच होती. तू तेव्हा कुशीतला होतास आणि मी प्राथमिक शाळेत. त्या वेळी मास्तर नव्हते, चष्मेवाले काका होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते दुकानाच्या मागच्या खोलीत प्रार्थना घ्यायचे. त्यांनीही शेपटीचा तारा, लढाया आणि धान्याची टंचाई यांची बेरीज करून एक तारीख काढली होती, आणि त्यांच्याकडेही हात मोकळे करायची रीत होती. मास्तरांनी ती कुठून उचलली कोण जाणे. आईकडे शिलाईचं मशीन होतं, पायाने चालवायचं, तिच्या आईने तिला दिलेलं. त्या मशीनवर ती अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची. ते तिने शेजारच्या काकूंना देऊन टाकलं. आपली आणि त्यांची भिंत एकच होती.

त्या तारखेच्या संध्याकाळी आई तुला घेऊन आणि मला हाताला धरून दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. मला फार आठवत नाही, मी झोपले. आठवते ती सकाळ. ऊन आलं आणि चष्म्याच्या काचांवर पडलं. मग एकेक जण चपला शोधायला लागला. घरी आलो तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली, चूल थंड, आणि दूधवाल्याला आईने आधीच बंद करायला सांगितलेलं. तू भुकेने किंचाळत होतास. तेवढ्यात बाबा रात्रपाळी संपवून आले. दारात उभं राहून त्यांनी आपल्या तिघांना पाहिलं, धुतलेल्या कपड्यांत, जमिनीवर बसलेलं. आणि ते हसले. म्हणाले, ‘काय, गाडी चुकली वाटतं?’ एवढंच. बाबा दुष्ट नव्हते रे, तुला माहीत आहे. थकलेले होते, आपण घरात आहोत हे बघून त्यांना बरंच वाटलं असेल. पण हसले. आईने एक पातेलं उचललं आणि ती शेजारी दूध मागायला गेली, मी तिच्या पदराला धरून मागे. काकूंनी लगेच पातेलं भरून दिलं. मशीन त्यांच्या खिडकीशी ठेवलेलं होतं आणि त्यांनी त्यात हिरवा दोरा ओवलेला होता. आईने ते पाहिलं. काकूंनी आईला पाहताना पाहिलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, आईने मागितलं असतं तर त्यांनी दिलंही असतं, बाई चांगली होती. पण मागायचं म्हणजे बोलावं लागलं असतं, की आम्ही चुकलो. आई दूध घेऊन परत आली.

मग जन्मभर तिने हाताने शिवलं. सुई मध्येच थांबवून ती डोळे मिटायची, ते तू पाहिलंस, खरं आहे. पण ती थांबायची तेव्हा भिंतीपलीकडे मशीन चालू असायचं. तू लहान होतास, तुला तो आवाज नेहमीचाच होता. मला ठाऊक होतं ते कुणाचं मशीन आहे.

आणि त्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच आठवड्यात ती परत चष्मेवाल्या काकांकडे गेली. त्यांनी सांगितलं, बेरजेत एक वर्ष राहून गेलं. तिने ते मानलं. मी मोठी झाल्यावर पुष्कळ विचार केला, की आई हुशार होती, हिशोबाला पक्की होती, तिने ते कसं मानलं? मला वाटतं, तिने बेरीज तपासलीच नाही. त्या मागच्या खोलीत तिला कुणी हसत नव्हतं, म्हणून ती गेली. घरात एक माणूस हसला होता आणि शेजारी दोरा ओवला गेला होता, मग तिने जायचं कुठे? पुढच्या तारखेलाही काही झालं नाही. त्यानंतर तारखा बंद झाल्या, पण तिची पुढचं काही करायची सवयच मोडली. साबणाची अर्धी वडी आणायची. झाड लावायची नाही. आपले कपडे अंगापुरते शिवायची. ती शेवटपर्यंत कधी निवांत बसलेली मला आठवत नाही, स्टेशनवर बसल्यासारखी बसायची. तू तिला शांत म्हणतोस. मला ती फार दमलेली वाटायची, आणि आता माझं वय तिच्या जवळ आल्यावर तर जास्तच वाटते.

हे सगळं लिहून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्या नियमाप्रमाणे महत्त्वाचं वर लिहायला हवं होतं, मी ते खाली ठेवलंय, मुद्दाम. आज बुधवार आहे. पण तू हे वाचतोयस तेव्हा रविवारची सकाळ आहे, हॉलच्या खिडक्यांतून ऊन आलंय, आणि लोक चपला शोधतायत. हे पत्र मी तुझ्या बायकोकडे देणार आहे. उजाडल्यावर तुझ्या हातात द्यायचं, आधी नाही, असं तिने मला कबूल केलंय. तिच्यावर रागावू नकोस, तिने एवढंच विचारलं की आत काही टोचून लिहिणार का, आणि मी नाही म्हणाले. थोडं लिहिलंय, ते सांभाळून घे. मास्तर आता थोड्या वेळाने उभे राहतील आणि बेरजेत काय राहून गेलं ते सांगतील. त्याआधी तू हे वाचावंस एवढ्यासाठी ही सगळी खटपट. मी चुकले असेन आणि तुम्ही गेला असाल, तर हे पत्र हॉलच्या फरशीवर पडून राहील आणि मी मागे एकटी राहीन, त्यालाही माझी तयारी आहे. पण तू असशील तर तडक माझ्याकडे ये, तिघंही या. मी दूध जास्त घेऊन ठेवणार आहे. तुला कुणी काही विचारणार नाही आणि मी हसणार नाही, शब्द देते. लंबूकडून तुझी हत्यारांची पिशवी मी परवाच आणली. त्याने ती उघडलीसुद्धा नव्हती. म्हणाला, ‘ताई, तो स्वतःहून मागायला कधीच आला नसता, तुम्ही आलात ते बरं झालं.’ ती माझ्या पलंगाखाली आहे. तुझ्या साहेबांशीही बोललेय, तुझ्या जागी त्यांनी अजून कुणाला घेतलेलं नाही, आणि आमच्या ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट सोमवारी तुझ्याच नावावर लावलीय. शाळेतल्या बाईंना मी बडबडीला ताप आलाय म्हणून सांगितलंय, तेवढं सगळ्यांनी एकसारखं सांगा. रविवारी तुला दुसरं काही बोलायचं नसेल तर आपण लिफ्टबद्दल बोलू. मी खरंच फार दमलेय रे, मला आणखी एका माणसाला भिंतीशी कान लावून बसलेलं बघायचं नाही. आणि हो, बडबडीसाठी बूट आणलेत, एक नंबर मोठे. आता सैल होतील, पुढे कापूस घालावा लागेल. पुढच्या वर्षी नीट बसतील.

तुझीच,
ताई